श्रावणात बरा झालेला टिपू

हे मी इतकी वर्षं सांगायचं टाळलं. महिन्यापूर्वी सकाळी दाढी करत असताना दिगंबरच्या मुलाचा फोन आला, “काका, बाबा गेले.” अर्धी दाढी तशीच ठेवून मी शहापूरहून मुरबाडची एसटी पकडली. तिथे सगळे मला जवळचा मित्र म्हणून पुढे करत होते, खांदा द्यायला बोलावत होते. शोकसभेत मला बोलायला लावलं. अडलेल्या म्हशी सोडवण्यातलं त्याचं कसब मी सांगितलं, लोकांनी डोळे पुसले. जे सांगायला हवं होतं ते मात्र तेव्हाही ओठांवर आलं नाही. खरं म्हणजे आता हे मनात घेऊन फिरण्याचा थकवा आलाय...

आम्ही दोघे मुंबईला एका वर्गात शिकलो आणि सरकारी जनावरांचे डॉक्टर झालो. मी शहापूरला, तो मुरबाडला. गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या हे आमचं काम. कुत्रा दवाखान्यात यायचा तो बहुधा पिसाळल्याच्या संशयानं, दोरीला बांधून, मागे पंधरा माणसं घेऊन. दिगंबर मूळचा टोकावड्याचा. शिकला तरी घरची बोली त्यानं सोडली नाही, आणि वाचनही सोडलं नाही. जाडजूड पुस्तक काखेत मारून तो तालुक्याच्या बैठकीला यायचा. मी म्हणायचो, “दिगू, म्हशीला इंग्रजी येत नाही रे.” तो म्हणायचा, “म्हैस वाचत नाय, म्हणून मी पण वाचायचा नाय का?”

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात सापगावच्या सुमनताई पांढरं पॉमेरियन पिल्लू घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांची पिठाची गिरणी होती. कल्याणच्या भावानं त्यांना ते हौसेनं दिलेलं. नाव टिपू. वयाच्या मानानं फारच किरकोळ, हातात उंदीर धरल्यासारखा. मी जंताचं औषध दिलं आणि म्हणालो, अंडं द्या, कलेजी उकडून द्या, अंगी लागेल. त्यानंतर त्या तक्रार घेऊन येऊ लागल्या. “जेवला का गप पडतो वो. भिंतीला डोका लावून उभा रातो, लाळ गळते.” मी पुन्हा जंताचं औषध दिलं. मग श्रावण लागला, त्यांच्या घरात मांस-मच्छी बंद झाली, आणि एक दिवस त्या हसतच आल्या. “डॉक्टर, आमचा टिपू श्रावन पालतो. आमी खात नाय तं त्याला बी नाय. दहीभात खातो नि गिरणीभर उड्या मारतो!” दवाखान्यात बसलेले सगळे हसले. मीही म्हणालो, “मग त्याला उद्यापनही करायला सांगा.”

गौरीला सुमनताई माहेरी गेल्या. माहेर मुरबाडजवळ, म्हणून जाता जाता त्यांनी टिपूला दिगंबरला दाखवलं आणि तीच गंमत त्यालाही सांगितली. तो हसला नाही. त्यानं टिपू काय खातो, कधी खातो, खाल्ल्यावर किती वेळानं गप पडतो, सगळं विचारलं. मग त्यांना समजेल असं सांगितलं. पाटाचं पाणी खाचरातून जायला पायजे, तिथं गाळ बसतो नि पुढं स्वच्छ पाणी जातं. बांध फुटला तं तेच गढूळ पाणी सरळ ओढ्याला जातं. आतड्यातून येणारं रक्त लिव्हरमधून गाळून जातं, याच्या पोटात जन्मापासून एक आडवाट आहे, रक्त लिव्हरला टाळून पुढं जातं. मांस खाल्लं की त्याचं विष गाळल्याशिवाय डोक्यात चढतं. त्यानं कलेजी-अंडं बंद करायला सांगितलं, दहीभात चालू ठेवा म्हणाला, लिव्हर बिघडलेल्या माणसांना देतात ते पोट साफ करायचं गोड सिरप थोडं थोडं द्यायला सांगितलं. ऐपत असेल तर मुंबईला नेऊन रक्त तपासू आणि सोनोग्राफी करू, असंही म्हणाला.

हे सगळं सुमनताईंनी परत येऊन मला भाबडेपणानं सांगितलं. माझा पेशंट, माझा सल्ला, आणि मुरबाडहून निरोप येतो की तो सल्ला चूक! मी म्हणालो, “पुस्तकातले रोग सापगावात येत नाहीत. गणपती झाले ना, आता खाऊ घाला त्याला.” त्यांनी माझं ऐकलं. डॉक्टर म्हणतात म्हणून रोज कलेजी दिली.

काही दिवसांत टिपूला झटके आले. लाळ गळत होती, डोळ्यांना दिसत नसल्यासारखा तो जात्याला धडकत होता, आणि पाणी पाजायला गेलेल्या सुमनताईंच्या नवऱ्याच्या हाताला चावला. गिरणीपुढे लोक काठ्या घेऊन जमले. माझ्या तोंडून “पिसाळला” हा शब्द गेला आणि मग तो मागे घेणं जमलं नाही. तेवढ्यात समोरच्या दुकानातल्या फोनवर दिगंबर आला, कुणीतरी त्याला कळवलं होतं. “अरे, मारू नको. पिंजऱ्यात ठेव, दहा दिवस बघ. कलेजी बंद कर. पिसाळलेला कुत्रा श्रावणात बरा होत नाय रे!” मी म्हणालो, “इथे काठ्या घेऊन उभे आहेत ते लोक तू बघतोयस का?” आणि फोन ठेवला. सुमनताई आत पाठ करून उभ्या होत्या. मी टिपूला इंजेक्शन दिलं.

पुरण्याआधी ओढ्याकाठी, हातमोजे घालून, मी त्याचं पोट उघडलं. लिव्हर जेवढं असायला हवं त्याच्या निम्मंही नव्हतं. आणि त्याला वळसा घालून एक फुगलेली रक्तवाहिनी थेट मोठ्या शिरेला जाऊन मिळाली होती. दिगूनं खाचराचं सांगितलं होतं, अगदी तसं. पिसाळल्याचा संशय असला की डोकं बर्फात घालून तपासायला पाठवणं माझं काम होतं. बर्फ नाही, अशी सबब मी स्वतःलाच दिली, आणि खड्डा बुजवला.

सुमनताईंच्या घरातल्या सगळ्यांनी पोटात चौदा सुया घेतल्या. मी थांबवलं नाही. घेतलेल्या बऱ्या, कुणी खात्री द्यायची, असं मनाशी म्हणत राहिलो. ते एक वेळ क्षम्य असेल. पण गावात बोललं जाऊ लागलं की मुरबाडच्या डॉक्टरनं पिसाळलेला कुत्रा घरात ठेवायला सांगितला होता. बोलणं सुमनताईंच्या माहेरापर्यंत गेलं, आणि तिथून पार टोकावड्याला, दिगंबरच्या स्वतःच्या गावात. पुढच्या बैठकीत दिगंबर माझ्याशेजारी बसला आणि हळूच म्हणाला, “पोट उघडलास का रे?”

मी “नाही” म्हणालो.

त्यानं मान हलवली. “मग माझाच अंदाज चुकला असंल,” म्हणाला.

पुढे, दोन हजारनंतर, मुरबाडच्या एका दुकानदाराचं असंच किडकिडीत पॉमेरियन पिल्लू त्याच्याकडे आलं. जेवणानंतर झिंगणारं, भिंतीला डोकं लावणारं. दिगंबरनं त्याला हात न लावता माझ्याकडे पाठवलं. फोनवर म्हणाला, “तूच बघ. असल्या केसमधी मी एकदा चुकलोय.” मी ते मुंबईला पाठवलं. जेवणाआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं गेलं, सोनोग्राफीत ती आडवाट दिसली, ऑपरेशन करून दोऱ्यानं ती आवळली. दहीभात, सिरप, मांस बंद. ते कुत्रं पुढे अनेक वर्षं दुकानाच्या फळीवर बसून गिऱ्हाइकांवर भुंकत होतं. जिल्ह्याच्या बैठकीत साहेबांनी माझं नाव घेतलं, ग्रामीण भागात असं निदान म्हणजे कमाल, म्हणाले. सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या दिगंबरनं. उपचार त्याचे होते, दुकानदाराला समजावताना मी वापरलेले शब्दसुद्धा त्याचेच. मी उभा राहून नमस्कार केला.

गेल्या आठवड्यात मी सापगावला जाऊन सुमनताईंना सगळं सांगून आलो. त्या आता थकल्यात, गिरणी सुनेनं घेतलीय. हातातलं सूप त्यांनी बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, “म्हंजे माझा टिपू पिसाळला नव्हता.” मी मान खाली घातली. “आनि त्या डॉक्टरला माझ्या म्हायेरच्यांनी परत दारात उभा केला नाय. ढोरं मेली तरी बोलावला नाय. मी पण काय काय बोलले वो त्यांना...” त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, “तुमी त्यांना सांगितलात का?”

सांगायलाच गेलो होतो. तो जायच्या थोडेच दिवस आधी, मुरबाडला, त्याच्या घरी. तो बाजेवर झोपला होता, छातीचं दुखणं, फार बोलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी उशाशी बसून वाक्य जुळवत राहिलो. दिगू, मी पोट उघडलं होतं. तू म्हणालास तेच होतं. एवढंच म्हणायचं होतं. तो जागा झाला, मला बघून हसला, उठून बसायला बघू लागला. मी त्याला धरून बसवलं, पाठीमागे उशी लावली. त्याचं अंग हाताला इतकं हलकं लागलं...

“काय रे,” तो म्हणाला, “एवढ्या उन्हाचा आलास. काय काम काढलास?”

मी म्हणालो, “काही नाही. सहज.”