खाली घेतलेले तात्या पुन्हा खाटेवर

मित्रहो, आज सकाळी लकडगंजात एक शास्त्रार्थ जिंकलो. प्रतिपक्षी होती गार जमीन!

शेजारचे तात्या शेवटच्या आजारात आहेत. मरणाऱ्याला भुईवर घ्यायच्या रीतीप्रमाणे, पण फार लवकर, घरच्यांनी त्यांना खाटेवरून खाली दर्भावर निजवले. डॉक्टर म्हणाले, "अजून वेळ आहे. गारठ्यानं यांचे हाल होताहेत, वर घ्या."

मुलगा माझ्याकडे वळला. "शास्त्रीबुवा, एकदा खाली घेतलेल्याले वर घेता येते काय?"

"येते!" मी ठणकावले. आधार विचारायची कुणाची छाती झाली नाही. संस्कृताचा एवढा तरी उपयोग.

रजईत शिरताच तात्या लेकाला म्हणाले, "मले जायची घाई नाही गा, तुमालेच हाय!"

मंडळी, मरणाऱ्याला ऊब द्यायला तुमच्या घरीही शास्त्री बोलवावा लागेल का?