पिवळे दात आणि साक्षगंध

पुरानी बस्तीपासून तात्यापाऱ्यापर्यंतच्या समस्त मराठी बांधवांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की माझे दात पिवळे आहेत. कारण कॉफी. सकाळी उठल्यावर, कचेरीत, कचेरीतून परतल्यावर, आणि पाहुणे आले तर त्यांच्या निमित्ताने. या शहरात भलेभले लोक गुडाखूने, म्हणजे गूळ-तंबाखूच्या काळ्या लेपाने, दात घासत दारात बसून असतात. त्यांना कोणी हटकत नाही. गुन्हेगार मी एकटा.

हा गुन्हा उघडकीस आणला माझ्या साडूने. साडूचे दात पांढरे आहेत. पांढरे म्हणजे नव्या न्हाणीघरातल्या टाइल्ससारखे. तो हसला की आपण चपला बाहेर काढायला विसरलो की काय असं वाटतं. त्याने कॉफी सोडून बरीच वर्षं झाली, आणि त्यानंतर सांगण्यासारखं दुसरं काही त्याच्या आयुष्यात घडलेलं नाही.

मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं आणि बायकोने त्याला सल्लागार नेमलं.

"फोटोत असे दात घेऊन उभे राहाल काय? भाऊजी सांगून राहिले ते ऐका न जरा!"

भाऊजी म्हणाले, कॉफी स्ट्रॉने प्या, दातांना लागत नाही. खरंच लागली नाही; थेट टाळूला लागली. मग म्हणे प्रत्येक घोटावर चूळ भरा. कॉफी प्यायची की श्राद्ध घालायचं? मग कोळशाची पेस्ट आली. ज्या राखुंडीला आम्ही गावंढळ म्हणून घराबाहेर काढलं होतं, ती काळ्या ट्यूबमध्ये बसून, इंग्रजी नाव लावून परत आली. शेवटी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी खोबरेल तेलात कालवलेली हळद. हळदीने दात पांढरे होतात म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी वरण सांडलेला सदरा पाहायला हवा होता. पण पोरीसाठी मी तीही चोळली. आरशात पाहिलं. आधी दात नुसते पिवळे होते. आता मंगल पिवळे झाले होते.

"आता तोंडच उघडू नका," बायको म्हणाली.

तात्यापाऱ्यातल्या हॉलवर साडूने आणखी पराक्रम केला. आचाऱ्याला सांगून कॉफी रद्द केली आणि काकडीचं पाणी ठेवलं. दुर्गहून उन्हात आलेल्या माणसांना काकडीचं पाणी! वर नवऱ्या मुलाच्या वडिलांशेजारी बसून, कॉफीने दातांचं कसं वाटोळं होतं यावर प्रवचन. व्याही रेल्वेतले, धिप्पाड. ते मिशीखाली ओठ मिटून हातातल्या ग्लासाकडे बघत राहिले. समोर मीही ओठ मिटून. ते बोलेनात, मी हसेना. अंगठ्या घालून झाल्या तरी दोघे बाप साक्षीला बोलावल्यासारखे बसलेले. त्यांच्याकडच्या बायका कुजबुजू लागल्या. मुलगी माझ्याजवळ आली, डोळे भरलेले.

"पापा, वो लोग नाराज़ हैं क्या? आप एक बार हँस दो न।"

आमच्या पोरी मराठी ऐकतात आणि हिंदीत रडतात. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तोंड उघडलं नाही.

मग व्याहीभेट आली. आमच्याकडे दोघे बाप गळाभेट घेतात आणि एकमेकांना पेढा भरवतात. ओठ मिटून पेढा खायची सोय कोणत्याही शास्त्रात नाही. बायकोने डोळे मिटून घेतले. साडू फोटोसाठी मध्ये घुसून आपल्या टाइल्स दाखवत उभा राहिला. व्याह्यांनी पेढा उचलला, मी उचलला. मी तोंड उघडलं. नाइलाजाने त्यांनीही उघडलं. आणि आत पाहतो तर काय, थेट दाढेपर्यंत तपकिरी! वर्षानुवर्षं मन लावून जोपासलेला, माझ्या चांगल्या ओळखीचा रंग.

त्यांचा हात हवेतच थांबला. त्यांनी माझे दात पाहिले, साडूचे पाहिले, पुन्हा माझे पाहिले. आणि पेढा माझ्या नाकासमोर तसाच धरून ते केवढ्यांदा तरी ओरडले,

"अरे, तुम्हीबी आपल्यातलेच न, व्याहीबुवा! मंग सकाळपासून कॉफी काहून लपवून ठेवली?"