हाकेला ओ

आमचा धाकटा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. घरचा मिक्सर बंद पडला तर ढिम्म हलणार नाही, पण कुठे लिफ्ट अडकली म्हटलं की भरल्या ताटावरून उठेल. कामावर झालेल्या एका अपघातानंतर मात्र लिफ्टच्या दाराशी गेला तरी घामाने निथळायचा.

त्यांच्या कामाची एक पद्धत आहे. बटण दाबण्याआधी वरचा माणूस लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरलेल्या जोडीदाराला हाक मारतो, "हात बाहेर?" खालून "बाहेर!" आलं की लिफ्ट हलवायची. त्या दिवशी "बाहेर!" आलं, पण ते शेजारच्या लिफ्टवर काम करणाऱ्याचं. धाकट्याने बटण दाबलं आणि जोडीदाराची दोन बोटं गेली.

आता गंमत बघा. बोटं गेली तो ढाराढूर झोपतो, आणि याला साधा ओरखडा नाही तर हा टक्क जागा! धाकट्याच्या सासऱ्यांनी निदान केलं, "मन कच्चं आहे." साहेब म्हणाले, आता ऑफिसातच बस. माझं डोकंच फिरलं. हाताला धरून त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई म्हणाल्या, "कच्च्या-पक्क्याचा प्रश्नच नाही. जोडीदाराला येणारा-जाणारा विचारत होता, तो सांगून सांगून मोकळा झाला. तुम्हाला कोणी विचारलं?"

"मला म्हणाले, विसरून जा."

"इतकं भयंकर घडलं, तेही आपल्या हातून. वर तोंड बंद. धोका टळलाय हे तुमच्या मेंदूला अजून कळलेलंच नाही."

धाकटा म्हणाला, "मला लिफ्टची भीती नाही वाटत. 'बाहेर' या उत्तराची वाटते."

एका खेपेत बरं व्हायला ते काही पडसं नव्हतं. बऱ्याच खेपा झाल्या, मध्ये रडारडही झाली. पण गडी चिवट. एक दिवस साहेबांना म्हणाला, "ऑफिस नको. मी लिफ्टवरच जाणार. पण नुसत्या आवाजावर बटण दाबणार नाही. जोडीदार वर येऊन समोर उभा राहील, मगच."

"दुप्पट वेळ जाईल!"

"जाऊ दे."

पहिल्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेले. जोडीदार कण्हत-कुंथत शिडी चढून वर आला. "बोटं घेतलीस, आता गुडघेही घे माझे!" म्हणाला, आणि दोन्ही पंजे धाकट्याच्या नाकासमोर धरले. "हं, बघ नीट."

धाकट्याने उरलेली बोटं नीट बघितली. मगच बटण दाबलं.