मी पेशंट होणार नाही

"पेशंट हिलाच करा मॅडम, मेकअप तरी वाचंल," माझ्याकडे बोट दाखवत ऋतुजा म्हणाली. वर्ग हसला.

नर्सिंगचं दुसरं वर्ष. रुग्णाची संस्कृती समजून घेऊन कसं बोलावं, याचं प्रात्यक्षिक. पेशंट म्हणजे धनगर बाई. नर्स ऋतुजा. तिची माजलगावला बागायती, वडील पुढारी. माझे वडील आष्टीकडे मेंढ्या राखतात.

मला कॉटवर बसवलं. ऋतुजाने माझ्या डोक्यावर घोंगडी टाकली, स्वतःच्या नाकाला रुमाल लावला.

"काय गं मावशे, अंगूळ कवा केलती? मेंढरातच झोपती का?"

पुन्हा हशा. मॅडम म्हणाल्या, "बघा, पेशंटच्या भाषेत किती सहज बोलते."

राग नंतर आला. आधी मी तिच्यावर जळले. ती माझ्या आईची भाषा. धनगरांच्या मुलांसाठीच्या योजनेतून मी इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात वाढले. तिथे 'आहे'ऐवजी आईसारखं 'हाय' म्हटलं की शिक्षा व्हायची. भाषा गेली. मी गप्प राहायला शिकले. सुट्टीत आई विचारायची, "कावून बोलंना गं?" ऋतुजाने तीच भाषा घरच्या सालगड्यांकडून उचलली. थट्टेपुरती. तिला ती येते. मला येत नाही.

"पुढच्या आठवड्यात पाहुण्यांसमोर हीच जोडी," मॅडम म्हणाल्या.

मी घोंगडी काढली. उभी राहिले.

"आमच्यात कुणी आलं की आधी घोंगडी अंथरतात. माणूस बसून पाणी प्यायल्याशिवाय त्याला काही विचारत नाहीत. यात ते कुठेच नाही. मी पेशंट होणार नाही मॅडम. मला नर्स करा."

"लईच लागलं की बाईला," ऋतुजा म्हणाली.

"मनावर घेऊ नकोस," मॅडम म्हणाल्या. "पण एरवी तू गप्पच असतेस. चारचौघांत बोलणं तुला जमणार आहे का?"

पाहुण्यांसमोर नर्स ऋतुजाच झाली. पेशंट दुसरी मुलगी. टाळ्या पडल्या. मी मागच्या भिंतीला टेकून बघत होते. जळत होते. अजून जळते, आणि ते कुणी शांत करावं असं मला वाटत नाही.

आता आमची ड्युटी सरकारी दवाखान्यात लागणार आहे. तिथे ऊसतोडीच्या, मेंढक्यांच्या बायका येतात. त्यांच्या कॉटपाशी ऋतुजाच्या आधी मी पोचणार. अडखळेन. शब्द चुकतील. पण ती जागा मी तिला देणार नाही.