जगतापमामा आणि पुष्पाची पिंकी

जगतापमामांनी त्यांच्या कुत्रीला कधी नावानं हाक मारली नाही. तिचं नाव होतं पिंकी. मालगाडीचे गार्ड म्हणून उभा जन्म काढलेल्या, पांढऱ्या भरदार मिशांच्या माणसानं भर गल्लीत "पिंकी, पिंकी" करत धावायचं, हे त्यांच्याच्यानं होत नसे. ते म्हणायचे, "ओ बाई, चला आता घरला!" आणि नळावरच्या निम्म्या बायका दचकून मागं बघायच्या.

सोलापुरात स्टेशनच्या मागच्या बाजूला आमच्या बैठ्या खोल्यांची ओळ होती. मी आणि आई एका खोलीत, शेजारच्या खोलीत मामा. मामी आधीच गेल्या होत्या. एकुलती एक मुलगी पुष्पा लग्न होऊन मुंबईला होती. मी नुकतीच टेलिफोनच्या कचेरीत लागले होते. त्याच सुमाराला जावईबापूंना कुवेतला नोकरी लागली आणि जायच्या आधी पुष्पा एका वेताच्या टोपलीतून पिंकीला घेऊन आली. मांजरापेक्षा जरा मोठी, पांढरी, आणि केस एवढे लांब की ती चालायला लागली की पाय दिसायचे नाहीत, जमिनीवरून झिरमिळ्यांचा पडदा सरकतोय असं वाटायचं.

"सहा महिन्यांत नेते बाबा," पुष्पा म्हणाली. मग तिनं सूचना दिल्या. रोज विंचरायचं. डोळे ओल्या कापसानं पुसायचे. कानांत पाणी जाऊ द्यायचं नाही. "आणि केस मात्र कापायचे नाहीत हं. सगळी शोभा त्यांचीच आहे."

मामांनी मान डोलावली. नातेपुत्याच्या बाजूचा शेतकऱ्याचा मुलगा; कुत्रं म्हणजे वस्तीवर भाकरीचा तुकडा टाकून राखायला ठेवायचं जनावर, एवढंच त्यांना माहीत. पण रेल्वेनं त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली होती. "सुमे, गाडी एकदा आपल्या हवाली केली की पोचस्तोवर आपली. मधीच कुटं सोडून यायचं न्हाय," ते मला सांगायचे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी पिंकीला न विंचरता घमेल्यात बसवून आंघोळ घातली. केसांत आधीच गुंता होता. पाणी लागल्यावर तो आवळला आणि वाळल्यावर काखेत, कानामागं घोंगडीच्या तुकड्यासारख्या जटा तयार झाल्या. त्या सोडवताना पिंकीनं मामांच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. तेव्हापासून त्यांचं ठरलं, "आदी गुंता, मग पानी." पण पिंकीचं तोंड धरायला दुसरं माणूस लागे आणि ते माणूस म्हणजे मी. कचेरीत जायला निघाले की हाक यायची, "सुमे, जरा ये की. एकच कान राहिलाय."

एक कान कधीच नसे. कानामागून सुरुवात व्हायची, मग छाती, काखा, पोट, शेपटी. मामा बोटांना खोबरेल लावून जट मोकळी करत, मग दात लांब असलेला कंगवा, शेवटी बारीक फणी. पंजाच्या गाद्यांमधे कुसळं अडकलेली असत, ती ते चष्मा कपाळावर सरकवून एकेक उपसत. गावाकडं घोड्याला खरारा करावा तशा जोरानं सुरुवात केलेला हा माणूस पुढं पुढं एवढा हलक्या हातानं फणी चालवी की पिंकी झोपून जायची. आणि मी कचेरीत उशिरा पोचायची, साडीवर पांढरे केस घेऊन. आमचे सुपरवायझर रोज विचारायचे, "काय बाई, पिंजाऱ्याकडून आलात काय?"

उन्हाळ्यात नळाला पाणी जेमतेम यायचं. घागरींची रांग, त्यात भांडणं. एकदा माझी आईच नळावर मामांना म्हणाली, "भाऊ, माणसांना प्यायला नाही आणि तुम्ही कुत्रीला न्हाऊ घालता?"

मामा शांतपणे म्हणाले, "अक्का, माझ्याच वाटनीचं हाय की. मी न्हाय करत आंघोळ."

ते खरं होतं. पिंकीची रिठ्याच्या पाण्यानं आंघोळ व्हायची त्या दिवशी मामा ओल्या पंच्यानं अंग पुसून बसायचे. आई खजील झाली आणि मला मात्र संताप आला. सहा महिने कधीच उलटले होते. दुसरा उन्हाळा चालू होता. पुष्पाचं कधीमधी पत्र यायचं, त्यात तिकडची थंडगार खोली, बाळ झाल्याची बातमी, आणि शेवटी 'पिंकीला पापा'.

त्या उन्हाळ्यात पिंकीला गोचिड्यांनी धरलं. मामा रोज चिमट्यानं काढून रॉकेलच्या डब्यात टाकायचे, पण केसांच्या त्या जंगलात हात तरी किती पोचणार? पिंकी दिवसभर मोरीच्या गार फरशीवर जीभ काढून पडायची. आम्ही तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी केस दोन्ही हातांनी फाकून बघितले आणि म्हणाले, "सगळे कापा. आजच कापा. नाहीतर ताप येऊन मरेल ही."

"लेक आली की कापू साहेब," मामा म्हणाले. "तिचं कुत्रं हाय. तिनं नको म्हनलंय."

मी परतीच्या वाटेवर भांडले. "मामा, मुलीला कळणारसुद्धा नाही. केस काय, परत येतील!"

"कळायचा प्रश्न न्हाय गं. तिनं इस्वासानं दिलंय."

"आणि ती मेली तर?"

पिंकीला धोतराच्या सोग्याखाली झाकून ते भराभर पुढं चालत राहिले. त्यानंतर ते सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा तिला घेऊन बसू लागले.

पुष्पा मे महिन्यात आली. मुंबईहून सकाळच्या गाडीनं, संध्याकाळी परत जायच्या बोलीवर. मामांनी आदल्या दिवशीच पिंकीला असं विंचरलं होतं की ती रेशमाच्या लडीसारखी चमकत होती. डोळे स्वच्छ, कान कोरडे, नखं कातरलेली. मामांनी स्वतःही दाढी केली होती.

पिंकी दारातच पुष्पाच्या साडीला झोंबली. बाळ घाबरून किंचाळलं. "अगंबाई! बाबा, बांधून ठेवा हिला. सगळे केस लागतात," पुष्पा म्हणाली. पिंकीला मोरीत बांधलं. जेवणं झाली, कुवेतच्या गप्पा झाल्या. निघायच्या आधी पुष्पाचं लक्ष मोरीकडं गेलं. पिंकी धापा टाकत होती.

"अहो बाबा, या उन्हात एवढे केस कशाला ठेवलेत हिचे? कापून टाकायचे ना!"

मी मामांकडं बघितलं. वाटलं, आता बोलतील. ते फक्त म्हणाले, "व्हय. कापाय पायजे हुते."

टांगा आला. पुष्पा, बाळ आणि ट्रंक मागं. मामा आणि मी पुढं टांगेवाल्याशेजारी. मामा माझ्या कानाशी वाकून पुटपुटले, "आज बोलतोच मी तिला. कवा नेनार, एकदा साफ विचारतो." मला बरं वाटलं. पण फलाटावर ते तिच्या डब्याचं दार नीट लागतंय का ते बघत राहिले, सामान बाकाखाली सरकवत राहिले. गाडी हलली तेव्हा खिडकीशी चालत म्हणाले, "कुत्रीची काळजी करू नगं. तू जपून ऱ्हा." गाडी गेली. मी रागानं पाठ फिरवून चालू लागले.

घरी येऊन त्यांनी कात्री मागितली. आम्ही अंगणातच बसलो. केसांचा पांढरा ढीग वाढत गेला आणि खाली काखेत, मांड्यांच्या बेचक्यात कातडी लालभडक, जागोजाग गोचिड्यांचे झुबके आणि चिघळलेल्या जखमा. मामांचा हात थांबला.

"रोज फनी फिरवत हुतो की गं मी," ते म्हणाले. "ह्ये मला कसं दिसलं न्हाय?"

मी हळद-तेल आणून दिलं. पिंकीला ताप आला, तिनं काही दिवस अन्न सोडलं, मामा तिला बोटानं ताक चाटवत बसले. ती वाचली. पावसाळ्यानंतर केस वाढले तसे मामांनी ते पुन्हा कातरले आणि पुढं कधीच लांब होऊ दिले नाहीत. पण पुष्पाला लिहिताना ते 'तुझी पिंकी खुशाल आहे' असंच लिहायचे.

तीन-चार वर्षांनी मामांची छाती भरली. दवाखान्यात मी आणि आई आळीपाळीनं बसायचो. पुष्पाला तार करायला निघाले तर त्यांनी माझा पदर धरला. "लिव, की त्रास करून येऊ नगं म्हनावं. ल्हान पोर हाय. मी बरा हाय."

मी त्यांचं ऐकलं नाही, 'ताबडतोब ये' अशीच तार केली. तरी पुष्पा दहाव्याला पोचली. पिंकी तोवर आमच्या खोलीत राहायला आली होती. पुष्पानं मला विचारलं, "बाबा शेवटी माझ्यासाठी काही म्हणाले का गं?" मी होतं तेच सांगितलं. ऐकून ती ओक्साबोक्शी रडायला लागली. "बघ, शेवटपर्यंत माझीच काळजी," ती म्हणाली.

ती चुकीचं बोलत नव्हती. पण आज इतक्या वर्षांनीही मामांची आठवण आली की मला आधी त्यांचा रागच येतो. पोटच्या पोरीला एकदा तरी म्हणावं की माणसानं, ये म्हणून.