खुडूक मोडणारे मामा

माझ्या सासऱ्यांइतका बसण्याचा द्वेष करणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. मी त्यांना मामा म्हणते. मी लग्न होऊन राहात्याजवळच्या या वस्तीवर आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटायचं, यांच्या गुडघ्यांना काहीतरी झालंय. ताट ओट्याच्या कठड्यावर ठेवून ते उभ्याने जेवत. चहा उभ्याने, दाढी उभ्याने. लग्नाच्या पंगतीत वाढायला हिंडत आणि सगळे उठले की भिंतीला टेकून चार घास पोटात ढकलत. नगरला जाताना निम्मी एसटी रिकामी असली तरी वरचा दांडा धरून उभे राहत. एकदा कंडक्टर म्हणाला, "बाबा, बसा की, जागा हाय." मामा म्हणाले, "बसल्यावर गाडी बिगी पोचती व्हय?" माणूस बसला की आजारपण त्याच्या मांडीवर येऊन बसतं, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि पाहुण्यांपुढे खुर्ची सरकवतानाही ते तो ऐकवत. पाहुणे मग फार वेळ बसत नसत.

असा माणूस खुडूक कोंबडी कशी सहन करणार? खुडूक झालेली कोंबडी अंडी देणं बंद करते, पिसं फुलवून खुराड्याच्या कोपऱ्यात ठाण मांडते, हात घातला तर टोचते. खाली अंडी असोत नसोत, तिला उबवायचंच असतं. मामांना ते बघवत नसे. आधी ते तिला दिवसातून दहा वेळा उचलून बाहेर सोडत. मग हौदाच्या गार पाण्यात पोटापर्यंत बुडवत. तरी ऐकलं नाही तर पेरू भरायच्या कॅरेटात घालून, वर फळी बांधून, ते कॅरेट लिंबाच्या फांदीला टांगत. कॅरेटाच्या तळाला भोकं असतात. "पोटाला खालनं वारं लागलं की डोक्यातली पिल्लं जात्यात," असं ते सांगत. तीन दिवसांत कोंबडी ताळ्यावर येई. आसपासच्या वस्त्यांवरच्या बायका आपापल्या कोंबड्या काखोटीला मारून आणत. कधीकधी लिंबाला तीन-तीन कॅरेटं लटकलेली असत आणि मामा खालून डॉक्टरसारखे फेरी मारत.

सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, हे आवडत नसे. त्यांची एक कबरी कोंबडी होती. ती खुडूक झाली की त्या म्हणत, "आवो, एकदा बसू द्या की तिला. एकवीस दिसांचा तर सवाल हाय."

"एकवीस दिस रिकामं बसायचं? मग मलाबी बसू दे."

कबरी कॅरेटात जायची.

परवाच्या उन्हाळ्यात आत्याबाईच बसायला लागल्या. आधी दळण निवडताना भिंतीला टेकून. मग अंगण झाडता झाडता मध्येच, खराटा हातात धरून. एके दिवशी पाण्याची कळशी खाली ठेवून त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "लई दम लागतो गं. पायबी सुजल्यात. यांना सांगू नको, मला पळवत्याल." मी सांगितलं नाही. कळशी मात्र मी उचलली, इतकंच. अंगण त्यांनीच झाडलं.

पण बसलेलं माणूस मामांच्या नजरेतून सुटायचं नाही. त्यांनी उपाय सुरू केला. सकाळ-संध्याकाळ हाताला धरून ते त्यांना पेरूच्या बागेला फेरी मारायला नेत. ते रागाने करत नव्हते, हे मला आजही सांगावंसं वाटतं. स्वतःची टोपी त्यांच्या डोक्यावर घालत, वाटेतले काटे पायाने बाजूला सारत, पिकलेला पेरू दिसला तर तोडून हातात देत. "चल, चाल जरा, अंगाला वारं लागू दे," म्हणत. आणि त्या चालत. तिसऱ्या आठवड्यात बांधावरच कोसळल्या.

आमच्या यांनी गाडी करून त्यांना नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितले आणि म्हणाल्या, "हृदय फार थकलंय यांचं. पूर्ण विश्रांती हवी होती. कुणी बसूच दिलं नाही का यांना?" मग मामांकडे वळून म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही बसा ना." मामा उभेच राहिले, पण भिंत धरून. नवव्या दिवशी, दुपारी, आत्याबाई गेल्या.

दोन महिन्यांनी कबरी पुन्हा खुडूक झाली. मी आदल्या दिवशीच तिची अंडी काढली होती. मामांनी तिला उचललं, हौदापर्यंत नेलं आणि तशीच कोरडी परत आणली.

"हिच्याखाली काय हाय?" त्यांनी मला विचारलं.

"काही न्हाई मामा. काढली मी."

"मग कशावर बसलीय?"

"कशावरच न्हाई."

त्यांनी तिला परत खुराड्यात ठेवलं. मग म्हणाले, "कोंबडा असलेल्या कुणाकडनं अंडी आण. नऊ-दहा." मी आणली. मोठ्या टोपलीत भुसा घालून त्यांनी स्वतः मांडली. त्याच आठवड्यात शेजारची बाई तिची खुडूक कोंबडी घेऊन आली, तेव्हा तिला त्यांनी ओट्यावरूनच सांगितलं, "मला न्हाई जमत आता. बसू दे तिला." बाई कोंबडीसकट माघारी गेली.

एकोणिसाव्या दिवशी मी टोपलीजवळ पाणी ठेवत होते. मामा मागे येऊन थांबले.

"ती तुला काही बोलली हुती का? दमतीय म्हणून?"

खोटं बोलणं सोपं होतं. माझ्या तोंडात ते आलंही होतं. मी म्हणाले, "व्हय. बोलल्या हुत्या. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या."

"मला भीत हुती?"

"व्हय. आन मीबी."

त्यांनी कबरीकडे पाहिलं. तिने पिसं फुलवून गुरगुरून घेतलं. "मग दोघांचं वझं हाय ते," मामा म्हणाले. "तू एकटीनं घिऊ नको. मीबी एकट्यानं न्हाई घेत." आणि बागेकडे निघून गेले.

नऊ अंड्यांतून चार पिल्लं निघाली. एक घारीने नेलं, एक आपोआप मेलं, दोन जगली. टोपलीजवळच्या त्या बोलण्याचा विषय आम्ही पुन्हा कधी काढला नाही. पण आता सकाळी मी चहा पुढे केला की मामा कप हातात धरून थांबतात आणि विचारतात, "तू घेतला का?" मी घेतला म्हटल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत. कधीकधी मी घेतलेला नसतो. मग माझा होईस्तोवर त्यांचा चहा गार होतो, आणि ते तो तसाच पितात.