नादारीचा अर्ज

कोर्टाच्या दारात बसून मी अर्ज टाइप करतो. सखूबाई राहत्या खोलीचा दावा हरल्या होत्या. अपिलाची फी माफ व्हावी म्हणून त्यांचा नादारीचा अर्ज मीच करून दिला. सुनावणीला त्या आल्या शेजारणीची जरीची साडी नेसून, कानांत तिचीच सोन्याची फुलं घालून. समोरच्या वकिलानं नुसतं कानांकडे बोट दाखवलं. अर्ज फेटाळला गेला.

“साहेबांपुढं फाटक्यात कशी उभी राहू, भाऊ?” बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या.

लग्नाला जावं तसं माणूस न्याय मागायला जातो, आणि तिथं आधी त्याची लक्तरं बघायची असतात.

आता अर्ज हातात देताना मी प्रत्येकीला बजावतो, “येताना रोजचंच नेसून या.” सांगताना मान वर करवत नाही.